आजीचे माहेर आणि सदतिसावा कायदा

माझ्या आजीचे माहेर बिचकुंद्याचे. आमच्या नायगावाहून नरसी, देगलूर करीत मदनूरच्या अंगाला गेले की तिथून ते फार लांब नाही. लग्न होऊन आजी नायगावात आली तेव्हा तिचे माहेर आणि सासर एकाच नांदेड जिल्ह्यात होते. माहेर देगलूर तालुक्यात आणि सासर बिलोली तालुक्यात, एवढाच काय तो फरक. नायगाव स्वतः तालुक्याचे ठिकाण झाले ते पुष्कळ पुढे, १९९९ साली.

मग १९५६ ची दिवाळी आली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २ नोव्हेंबरला होते आणि नरक चतुर्दशी १ नोव्हेंबरला. पहाटे चुलाण्यावर पाणी तापले, उटणी लागली, अंघोळी झाल्या. आणि उजाडले तेव्हा आजीचे माहेर आंध्र प्रदेशात गेलेले होते आणि सासर मुंबई राज्यात. दोन्ही घरे मात्र जागची हलली नव्हती. आजी पुढे सारा जन्म एकच वाक्य सांगत राहिली, "म्या हितंच होते बापा, मव्हं माहेरच उठून गेलं." तीनच दिवसांनी भाऊबीज. तिचा भाऊ बैलगाडी जुंपून नेहमीच्याच वाटेने, नेहमीसारखाच लुगडे घेऊन आला. ओवाळून झाल्यावर आजोबा त्याला म्हणाले, "या पाव्हणं, परराज्यातून आलात, दमला असाल!" ही थट्टा आमच्या घरी पुढे कितीतरी दिवाळ्या चालली, आणि प्रत्येक वेळी आजी तेवढीच रागावली.

हे सारे आठवायला कारण झाला माझ्या वर्गातला एक मुलगा. नागरिकशास्त्राचा तास होता. विधेयकाचे कायद्यात रूपांतर कसे होते, हा धडा. पहिले वाचन, दुसरे वाचन, तिसरे वाचन, मग दुसरे सभागृह, मग राष्ट्रपती. तीन वाचने म्हटली की वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतोच, "गुरुजी, खासदारांना एका वाचनात पाठ होत नाही का?" याचे उत्तर सोपे आहे. ही पद्धत आपण विलायतेच्या पार्लमेंटकडून घेतली. तिथे छापखान्याची सोय नव्हती त्या काळी प्रत्येकाच्या हाती प्रत देणे शक्य नसे, म्हणून मसुदा मोठ्याने वाचून दाखवीत. छापखाने आले, वाचून दाखवणे थांबले, पण नाव राहिले. आपल्याकडे बैल गेले तरी बैलपोळा राहतोच की!

तर त्या दिवशी मुलांच्या जांभया पाहून मी पुस्तक मिटले आणि आजीच्या माहेराची गोष्ट सांगितली. सगळे हसले. मागच्या बाकावरचा एकजण मात्र हसला नाही. त्याने विचारले, "गुरुजी, पण तुमच्या आजीला कोणी विचारलं होतं का?"

मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कादंबऱ्या लिहितो, म्हणून गोष्ट रचता येते. पण या प्रश्नाला रचलेले उत्तर चालणार नव्हते. त्याला म्हटले, "पुढच्या तासाला सांगतो." तो पुढचा तास यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात मी तो कायदा वाचला, तो ज्या विधेयकातून आला त्याचा इतिहास वाचला, आणि त्यावर झालेल्या खटल्याचा निकालही वाचला. कायद्याची भाषा रुक्ष असते खरी, पण आपल्या माहेरचे नाव तिच्यात सापडले की ती रुक्ष राहत नाही.

गोष्ट सुरू होते डिसेंबर १९५३ मध्ये. पोट्टी श्रीरामुलू यांच्या उपोषणानंतरच्या मृत्यूने तेलुगू मुलूख पेटला, ऑक्टोबर १९५३ मध्ये आंध्र राज्य निघाले, आणि मग सगळ्यांनाच आपापल्या भाषेचे राज्य हवे झाले. दिल्ली सरकारने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. न्यायमूर्ती फाजल अली अध्यक्ष. पंडित हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर सभासद. या तिघांनी १०४ ठिकाणांना भेटी दिल्या, ३८ हजार मैल प्रवास केला, नऊ हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि लहानमोठी मिळून १,५२,२५० निवेदने गोळा केली. सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल आला. हैदराबाद संस्थान भारतात येऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. त्या राज्यातून मराठवाडा काढून मुंबई राज्याला जोडावा, विदर्भ वेगळा ठेवावा आणि तेलंगण तूर्त हैदराबाद या नावाने स्वतंत्र असावे, असे आयोगाने सुचवले. मराठी माणसाला पाहिजे होता तो संयुक्त महाराष्ट्र अहवालात कुठेच नव्हता.

आयोगाचा अहवाल म्हणजे कायदा नव्हे. तो सल्ला. त्यातून विधेयक करायचे तर घटनेच्या तिसऱ्या कलमातून जावे लागते, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या तिसऱ्या कलमातच आहे. इतर साधी विधेयके मंत्री किंवा सभासद उठून मांडू शकतो. राज्याच्या सीमा बदलणारे विधेयक मात्र राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडताच येत नाही. आणि ती शिफारस करण्यापूर्वी राष्ट्रपतींनी ते त्या त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत देण्यासाठी पाठवायचे असते. मत, संमती नव्हे. शिवाय डिसेंबर १९५५ मध्ये घटनेची पाचवी दुरुस्ती झाली, तिने राष्ट्रपतींना मुदत घालून देण्याचा अधिकार दिला. मुदतीत बोललात तर ठीक, न बोललात तर गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही. लग्नात जसे सोयऱ्याधायऱ्यांना विचारतात, तसे हे विचारणे. मुहूर्त आधीच ठरलेला असतो.

म्हणजे आजीला विचारले होते काय? आजीने १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मत दिले नव्हते, तेवढे तिचे वयच नव्हते. पण तिच्या वडिलांनी दिले होते. त्यांच्या मतावर निवडून गेलेला आमदार हैदराबादच्या विधानसभेत बसला होता, आणि त्या विधानसभेला विचारले गेले होते. इतक्या लांबच्या नात्याने का होईना, विचारले होते.

१८ एप्रिल १९५६ रोजी राज्य पुनर्रचना विधेयक लोकसभेत आले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर त्याच फेब्रुवारीत वारले होते. त्यांच्या खुर्चीवर अनंतशयनम् अय्यंगार होते. गृहमंत्री पंडित गोविंद वल्लभ पंत. आता या विधेयकात आपल्यासाठी काय होते ते नीट ध्यानात घ्या, कारण खरी मौज इथेच आहे. आठव्या, नवव्या आणि दहाव्या खंडांत तीन तुकडे होते. मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात. सौराष्ट्र आणि कच्छ धरून गुजरात राज्य. आणि विदर्भ, मराठवाडा धरून महाराष्ट्र राज्य. म्हणजे महाराष्ट्र हे नाव विधेयकात होते, मराठवाडा त्यात होता, विदर्भही होता. फक्त मुंबई नव्हती. हा काय महाराष्ट्र, असे म्हणून लोक रस्त्यावर आले होतेच. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले. त्या चळवळीत शंभराहून अधिक माणसे गेली.

(खंड का म्हणालो आणि कलम का नाही, हेही सांगून टाकतो. विधेयकात असते तोवर त्याला खंड म्हणायचे. कायदा झाला की तेच कलम होते. मुलगी वधू झाली की नाव बदलते, तसेच काहीसे.)

पहिल्या वाचनात काही घडत नाही. मांडायची परवानगी मागतात, ती मिळते. दुसरे वाचन हेच खरे कुरुक्षेत्र. आधी तत्त्वावर चर्चा होते, मग बहुधा विधेयक समितीकडे जाते. हे गेले दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे, आणि तिने १६ जुलै १९५६ ला अहवाल दिला. त्यानंतर एकेक खंड घेऊन चर्चा, एकेका खंडाला दुरुस्त्या, एकेका खंडावर मत. शाळेत निबंध तपासताना मी एकेका ओळीखाली लाल शाई मारतो, तसे हे काम. फरक इतकाच की इथे लाल शाईचे पेन पाचशेच्या आसपास माणसांच्या हातात असते. पण नियम मोठा सुरेख आहे. विधेयकाचे नाव आणि सुरुवातीचे शब्द सर्वांत शेवटी मताला टाकतात. आत काय उरले ते कळल्याशिवाय वर नाव काय घालायचे? कादंबरीकाराला हे पटकन कळते. माझ्या एका कादंबरीचे नाव शेवटचे प्रकरण लिहून झाल्यावर तीनदा बदलले, आणि ज्या पात्रावरून पहिले नाव दिले होते ते पात्र छापील पुस्तकात नव्हतेच.

या विधेयकाचेही तसेच झाले. जुलैमध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. दिल्लीत मंत्रिपद सोडून देणारा माणूस दुर्मीळच, त्यामुळे त्या दिवसांत देशमुखांचे नाव आमच्याकडे खेड्यापाड्यांतून घेतले जाई, असे आजोबा सांगत. ऑगस्ट उजाडला आणि लोकसभेतल्या वेगवेगळ्या पक्षांच्या अनेक सभासदांनी निराळीच तोड काढली. तीन तुकडे कशाला, सगळे मिळून एकच मोठे द्विभाषिक मुंबई राज्य करा. सरकारने ती उचलली. दुरुस्ती आली, मताला पडली, मंजूर झाली. सारी तोड काही दिवसांत झाली. मुंबईची केंद्रशासित पाटी उतरली, गुजरातचे नाव गेले, आणि त्याबरोबर महाराष्ट्राचेही नाव गेले. एप्रिलमध्ये मराठवाडा महाराष्ट्र राज्यात म्हणून सभागृहात शिरला होता, ऑगस्टमध्ये तो मुंबई राज्यात म्हणून बाहेर पडला. तिकडे अहमदाबादेतही लोक खवळले, तिथेही गोळ्या चालल्या. जे कोणालाच नको होते ते सर्वांना समसमान मिळाले.

आमचे स्वामी रामानंद तीर्थ त्या लोकसभेत होते, पण गुलबर्ग्याचे खासदार म्हणून. हैदराबाद राज्य भाषावार मोडले पाहिजे हा त्यांचा जुना आग्रह. संस्थान मोडण्यासाठी ज्याने तुरुंग भोगला, त्याच्या डोळ्यांदेखत ते राज्य कागदावरही संपले. निजाम तोवर राजप्रमुख म्हणून मानाच्या खुर्चीवर होता. १ नोव्हेंबरनंतर ती खुर्चीही उरली नाही.

तिसरे वाचन म्हणजे पुन्हा एकदा संपूर्ण विधेयकावर होय की नाही. मग राज्यसभा, तिथे हीच तीन वाचने. दोन्ही सभागृहांचे पटले नाही तर संयुक्त बैठक घेता येते. असे आजवर तीनदाच झाले आहे, १९६१, १९७८ आणि २००२ साली; त्यातली पहिली बैठक हुंडाबंदीच्या विधेयकासाठी होती, हे उपवर मुलींच्या बापांनी लक्षात ठेवावे. आपल्या विधेयकाला त्याची गरज पडली नाही. शेवटी राष्ट्रपती. ते संमती देतात, नाकारतात, किंवा एकदा परत पाठवतात. राष्ट्रपती झैलसिंग यांनी १९८६ च्या टपाल विधेयकाचे यांतले काहीच केले नाही, नुसते ठेवून दिले, आणि ते विधेयक कधी कायदा झालेच नाही. राजेंद्रबाबूंनी मात्र ३१ ऑगस्ट १९५६ ला सही केली. राजपत्रात छापून आले. प्रजासत्ताकाच्या सातव्या वर्षातला, १९५६ चा सदतिसावा कायदा.

तो कायदा मी वर्गात नेला आणि आठवे कलम वाचून दाखवले. औरंगाबाद, परभणी, भीर, उस्मानाबाद हे जिल्हे मुंबई राज्यात. बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर तालुके मुंबई राज्यात. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा तालुके आणि इस्लापूर सर्कल. आणि नांदेड जिल्हा. पण सबंध नव्हे. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले सोडून. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले सोडून. मग मागे उलटून तिसरे कलम वाचले, त्यात नेमकी हीच पाच सर्कले आंध्र प्रदेशाच्या पदरात पडलेली. देशाच्या संसदेने केलेल्या कायद्यात गिरदावराच्या सर्कलाची नावे! वर्गात एक मुलगी भैंशाकडची होती, मामाकडे शिकायला राहिलेली. आपल्या गावाचे नाव ऐकताच ती ताठ बसली.

निलंगा-उदगीरच्या लोकांना हे वाचून आनंद व्हावा, कारण ते तालुके त्या दिवशी आले आणि पुढे १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात गेले. त्यांचे शेजारी भालकी आणि औराद मात्र म्हैसुरात राहिले. बेळगाव जिल्हाही, चंदगड तालुका तेवढा वगळून, म्हैसुरात गेला. त्या दुखण्याबद्दल इथे लिहीत नाही. ते अजून कोर्टात आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर. एप्रिलच्या विधेयकावर राज्यांच्या विधिमंडळांनी मत दिले होते, ते तीन तुकड्यांवर. ऑगस्टमध्ये झाले एकच राज्य. मग त्या नव्या बेतावर पुन्हा विचारायला नको होते का? हा प्रश्न आमच्या वर्गाच्या आधी नागपूरच्या बाबुलाल पराते यांना पडला होता. ते हायकोर्टात गेले, तिथे हरले, सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट १९५९ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. विधेयक एकदा राज्याकडे पाठवले की घटनेची अट पुरी झाली. त्यानंतर संसदेत जी दुरुस्ती होईल ती दरवेळी पुन्हा राज्याकडे पाठवण्याची गरज नाही. राज्याचे मत संसदेवर बंधनकारकही नाही. प्रत्येक दुरुस्तीला परत विचारत बसले तर कोणतेही विधेयक कधीच संपायचे नाही, हे तर्काला धरूनच आहे. पण मनाला? मला पराते यांची बाजू अजूनही पटते. पंगतीला बसताना पुरणपोळी का जिलबी असे विचारावे, आपण जिलबी म्हणावे, आणि पानात श्रीखंड पडावे; वर वाढप्याने सांगावे की विचारले तर होते!

या निकालाचे वजन आजीच्या माहेराला पुढे पुन्हा कळले. द्विभाषिक राज्य मोडून १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तो मुंबई पुनर्रचना कायद्याने. गेलेले नाव चार वर्षांत परत आले, मुंबईसकट. तिकडे आंध्र प्रदेश टिकला २०१४ पर्यंत. तेलंगणाचे विधेयक राष्ट्रपतींनी हैदराबादच्या विधानसभेकडे पाठवले. विधानसभेने ३० जानेवारी २०१४ ला ते फेटाळले. तरीही १८ फेब्रुवारीला लोकसभेत आणि २० फेब्रुवारीला राज्यसभेत ते मंजूर झाले, १ मार्चला सही झाली, आणि २ जूनला नवे राज्य. तिसरे कलम तेच, विचारणे तेच. निजामाची रियासत धरली तर आजीच्या माहेराने एकाच ओट्यावर बसून चौथे राज्य पाहिले. मी तिला ही बातमी सांगितली तेव्हा ती वाती वळीत होती. "पुन्हा गेलं का?" एवढेच म्हणाली, आणि थोड्या वेळाने विचारले, "दाद्याला यायला आता कोणती एस्टी हाय?" तिचा धाकटा भाऊ तोवर सत्तरीला टेकला होता. त्या वर्षीही तो भाऊबिजेला आला. मदनूरच्या पुढच्या नाक्यावर मालमोटारींची रांग लागली होती, म्हणून उशीर झाला, इतकेच.

सदतिसावा कायदा जुना झाला म्हणून मेलेला नाही. त्याच्या एक्कावन्नाव्या कलमात हायकोर्टाला दुसऱ्या ठिकाणी बसण्याची सोय आहे. त्याच कलमाच्या आधाराने १९८१ साली मुंबई हायकोर्ट औरंगाबादेत बसू लागले, आणि १९८४ साली तिथे कायमचे खंडपीठ झाले. आमच्या भागातल्या माणसाला शेताच्या बांधाच्या अपिलासाठी मुंबईची गाडी पकडावी लागे, ती वाचली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरलाही याच कलमाने सर्किट बेंच मिळाले. आजीचे माहेर नेणारा कायदा आणि आमच्या शेजाऱ्याचा बांध जवळ आणणारा कायदा एकच आहे, हे वर्गात सांगितले तेव्हा मुलांना ते पटले नाही. त्यांना मी पाने उलटून दाखवली.

सहामाही परीक्षेत मी तोच प्रश्न घातला: विधेयकाचे कायद्यात रूपांतर कसे होते? पाच गुण. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने तिन्ही वाचने लिहिली, संयुक्त समिती लिहिली, दुसरे सभागृह लिहिले, आणि शेवटची ओळ अशी: "मग राजपत्रात छापतात आणि गुरुजींच्या आजीचे माहेर दुसऱ्या राज्यात जाते." मी बराच वेळ लाल पेन हातात धरून बसलो. शेवटी साडेचार दिले. राष्ट्रपतींची सही लिहायला तो विसरला होता.